समाजभूषण अपरिभाषित यांचे दुःखद निधन

मृत्यू कितीही नैसर्गिक असला तरी त्याची बातमी नैसर्गिकपणे पसरू देणे कोणत्याही जबाबदार संस्थेला परवडणारे नाही. बुऱ्हाणपूरच्या तापीकाठ मराठी समाज विकास मंडळाने हे वेळीच ओळखले आणि कार्यकारिणीच्या बैठकीत टाळ्यांच्या गजरात 'शोक-संदेश प्रकोष्ठ', म्हणजे त्यासाठीचा खास विभाग, स्थापन केला. मी, लीलाधर महाजन, त्या प्रकोष्ठाचा सचिव. पद मानद आहे. मी ते मागितले नव्हते. दुसऱ्या कोणी मागू नये एवढीच काळजी घेतली होती.

त्याआधी आमच्या गावात माणूस गेला की काय व्हायचे, हे आज आठवले तरी संकोच वाटतो. घरातून रडण्याचा आवाज यायचा. शेजारी तो ऐकायचे आणि हातातले काम टाकून, कपडेही न बदलता तडक त्या घरी जायचे. बातमीला कोणाची मान्यता नाही, मजकुराला मसुदा नाही. माझी आई गेली तेव्हा कोणाला कसे कळवावे याचा विचार करीत मी दारात उभा होतो, तेवढ्यात समोरच्या घरातली ताराबाई माझ्या अंगावरून आत गेली आणि गॅसवर चहाचे पातेले चढवून मोकळी झाली. तिला कोणी कळवले होते? कोणीही नाही. मला म्हणाली, "लीलाधर, बस आन आधी रडून घे. बाकीचं होते सगळं." मी बसलो, आणि रडलोही. पण अशा कारभाराला पद्धत म्हणता येत नाही.

ही ताराबाई म्हणजे आमच्या सिंधीपुऱ्यातल्या लोटूआप्पांची बायको. आप्पांची केळीची बाग तापीच्या पल्याड, जैनाबादच्या अंगाला. ताराबाईचे माहेरही तिकडचेच. कोणाच्याही घरी काही झाले की ही सर्वांच्या आधी हजर. तोंडाने फटकळ. खोटे रडणाऱ्या बायकांना ती भर घरात गप्प करायची, आणि खरे रडणाऱ्यांच्या पाठीवर हात ठेवून सांज होईपर्यंत बसून राहायची. मंडळाच्या एकाही समितीत ती नव्हती. तिला कोणी विचारले नव्हते आणि तिलाही सवड नव्हती.

प्रकोष्ठाला शास्त्रशुद्ध पाया मिळाला तो आमचे अध्यक्ष प्रवीणभाऊ यांच्यामुळे. प्रवीणभाऊ केळीचे मोठे व्यापारी आणि मनाने त्याहून मोठे. त्यांची सून रंजिता पुण्याच्या कंपनीचे काम माडीवरच्या खोलीत बसून करते. घरचीच मुलगी असल्यामुळे तिला मेहनताना विचारण्याचा प्रश्न आला नाही. तिने एक इंजिन तयार केले. इंजिन म्हणजे धूर सोडणारे नव्हे. आधी मजकुराचा एक साचा करून ठेवायचा. साच्यात नाव, गाव, वेळ अशा मोकळ्या जागा सोडायच्या. माणूस गेला की त्याची माहिती भरायची. इंजिन जागच्या जागी ती बसवते आणि तयार संदेश समाजाच्या सर्व मोबाइलवर एकदम धाडते. ज्या जागेत काय भरायचे हेच सांगितलेले नसते तिला त्यांच्या शास्त्रात 'अपरिभाषित' म्हणतात, असे रंजिताने आम्हाला समजावून सांगितले होते. तेव्हा आमचे लक्ष उद्घाटनाच्या पत्रिकेकडे होते.

उद्घाटन इतवाऱ्यातल्या समाज भवनात झाले. व्यासपीठ, नारळ, वार्ताहर, फोटोवाला आणि बाहेर कढईत मावा जिलेबी. अध्यक्षांच्या हस्ते बटण दाबायचे ठरले होते. रंजिता व्यासपीठाच्या कडेला लॅपटॉप घेऊन बसली होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, आधी टेस्ट तर करू द्या. अजून कोणाचं नाव भरलेलंच नाहीये." पण मुहूर्त टळत होता, आणि उद्घाटनासाठी आधी कोणीतरी मरावे ही अपेक्षा कार्यकारिणीला अप्रशस्त वाटली. प्रवीणभाऊंनी नारळ फोडला आणि बटण दाबले.

सभागृहातले सगळे फोन एकदम वाजले. टाळ्या झाल्या. मग लोकांनी फोन उघडले. त्यात लिहिले होते: 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आपल्या समाजाचे आधारस्तंभ, समाजभूषण यांचे आज दुःखद निधन झाले. उठावना आज सायंकाळी पाच वाजता, समाज भवन, इतवारा. शोकाकुल: समस्त समाजबांधव.' समाजभूषण, आधारस्तंभ हे साच्यातच कायमचे लिहून ठेवलेले होते, कारण ते सर्वांनाच लागतात. उठावन्याची, म्हणजे शोकबैठकीची, वेळ आणि जागाही आम्ही सोयीसाठी कायमची ठेवली होती. नाव तेवढे नव्हते.

"जागा कोरीच गेली, बाबा," रंजिता म्हणाली. "व्हेरिएबल डिफाइनच नव्हता ना. आणि इंजिननं एरर पण नाही दिला, चुपचाप कोरं छापून दिलं."

संदेश परत घेता येतो का, असे प्रवीणभाऊंनी विचारले. येत नव्हता. चुकून गेला असे जाहीर करावे का, असेही त्यांनी विचारले, पण ते मला पटले नाही. समोर वार्ताहर बसला होता. उद्घाटनाच्या दिवशीच इंजिन चुकले असे छापून आले असते तर मंडळाची गेल्या कित्येक वर्षांची कामगिरी पाण्यात गेली असती. शिवाय समाज मोठा आहे, गाव जुने आहे. कोणी ना कोणी गेलेच असेल, असे मी त्यांना सांगितले. त्यांना धीर आला.

पाच वाजता भवन भरले. पांढऱ्या कपड्यांत इतका समाज मी आमच्या सामूहिक विवाहातही एकत्र पाहिलेला नव्हता. मला काळजी होती की कोणीतरी नाव विचारील. कोणीही विचारले नाही. प्रत्येकाला वाटत होते की आपल्याच फोनमध्ये नाव उमटलेले नाही. आमचे गाव मध्य प्रदेशात, त्यामुळे बहुतेकांचे फोन हिंदीवर असतात, आणि हिंदीवर ठेवलेला फोन मराठी नावे गाळतो असा एक समज इतवाऱ्यात पहिल्यापासून आहे. शेजाऱ्याच्या फोनमध्ये नाव असणारच, आणि एवढा मोठा माणूस आपल्याला माहीत नाही हे शेजाऱ्याला कळता कामा नये, म्हणून प्रत्येक जण मान हलवून दुसऱ्याला म्हणत होता, फार वाईट झाले, अचानक गेले.

फोटोचा प्रश्न होता. घाईत एक कोरी चौकट मिळाली, तिला हार घालून टेबलावर ठेवली. फोटो बनायला टाकला आहे, असे मी जाहीर केले. वक्ते एकेक करून चौकटीसमोर जात, फुले वाहत आणि काचेत आपलाच चेहरा पाहून गहिवरत. त्यामुळे भाषणांना एक सच्चेपणा आला. उपाध्यक्ष समाधान पाटील, जे दुबईला जाऊन आले आहेत, म्हणाले की दिवंगतांनी त्यांना कायम पुढे जाण्याची प्रेरणा दिली. कोषाध्यक्ष मोहित चौधरी यांना 'युवारत्न' पुरस्कार मिळालेला आहे. ज्या संस्थेने तो दिला ती त्यांनीच काढलेली आहे. ते म्हणाले की आपल्यातले गुण सर्वांत आधी ओळखले ते याच महापुरुषाने. मी स्वतः दिवंगतांच्या साधेपणावर बोललो. ते कधीही पुढे पुढे करत नसत, असे मी म्हणालो, आणि ते खोटे नव्हते.

जिलेबीचा प्रश्न नाजूक होता. सकाळच्या कार्यक्रमाची कढई अजून भरलेलीच होती. तिच्यावर पांढरे कापड टाकले होते, पण वास लपत नव्हता. शेवटी कोणीतरी मागून म्हणाले की ती दिवंगतांना फार आवडायची. लोकांनी जड अंतःकरणाने जिलेबी खाल्ली.

हे सर्व सुरळीत चालू असताना बायकांच्या बाजूने ताराबाई उभी राहिली.

"पन गेलं कोन?" तिने विचारले.

सगळ्या माना बायकांच्या बाजूला वळल्या. मी म्हणालो, "ताराबाई, ही विचारायची वेळ आहे का?"

"मंग कोनती वेळ?" ती म्हणाली. "नाव नही, फोटू नही, घरच्यांपैकी कोनी बसलेलं नही. मी रडू कोनासाठी?"

आजूबाजूच्या बायकांनी तिला पदर ओढून खाली बसवले. लोटूआप्पा पुरुषांच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. पाच-सात जणांनी त्यांच्याकडे असे पाहिले की म्हातारा अंग चोरून बसला. ताराबाई काही वेळ बसली, मग उठली, आणि नळाला पाणी यायची वेळ झाली असे सांगून घरी निघून गेली. शोकसभेत पाण्याची आठवण होणे ही कशाची खूण आहे, यावर नंतर बरीच चर्चा झाली. सभेच्या शेवटी 'समाजभूषण स्मृती पुरस्कार' जाहीर करण्यात आला आणि चौकट भिंतीवर कायमची लावण्यात आली. ती अजून तिथेच आहे. दर वर्षी पुण्यतिथीला तिला हार घालायचे ठरले आहे.

परंतु ताराबाईच्या प्रश्नाने व्हायचे ते नुकसान झालेच. एकाने विचारल्यावर दुसऱ्यालाही विचारावेसे वाटते. कार्यकारिणीने तातडीची बैठक बोलावली. नाव कोरे गेले ही चूक नसून व्यवस्थेतील शिथिलता आहे, असा निष्कर्ष निघाला. प्रवीणभाऊंनी रंजिताला सांगितले की यापुढे एकही जागा रिकामी असेल तर संदेश जाता कामा नये.

"होईल ना," रंजिता म्हणाली. "पण मग ते खरंच जाऊ देणार नाही, बाबा. एक जरी अनडिफाइंड सापडला की जागीच थांबेल. पुढं काय आहे ते पण नाही सांगणार."

थांबू दे, असे सर्वांनी एकमुखाने सांगितले. शिस्त म्हणजे थांबणेच.

त्याच बैठकीत साचाही सुधारण्यात आला. नुसते नाव, गाव आणि वेळ यांतून माणसाची उंची कळत नाही, असे माझे मत पडले. 'पद' ही जागा प्रवीणभाऊंनी सुचवली. ते चार संस्थांचे अध्यक्ष आहेत. मोहितने 'पुरस्कार' सुचवला. समाधान पाटलांनी 'विदेशयात्रा' सुचवली. आजच्या काळात समाजाचा जगाशी असलेला संबंध दिसला पाहिजे, असे ते म्हणाले. मी 'प्रकाशित साहित्य' सुचवले. माझे एक पत्र वर्तमानपत्रात आलेले आहे, पण हे त्याचे कारण नव्हते. सर्व जागा अनिवार्य करण्यात आल्या आणि प्रत्येकाने मनातल्या मनात आपला संदेश भरून पाहिला. तो कुठेही थांबत नव्हता. त्यानंतर मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात कोणी परस्पर काही टाकू नये म्हणून तो गटही बंद करून फक्त इंजिनाच्या हाती देण्यात आला.

पुढे बरेच दिवस एकही चुकीचा संदेश गेला नाही. एकही बरोबर संदेशही गेला नाही, कारण त्या काळात कोणी गेले नाही. वार्षिक अहवालात मी हे यश म्हणून नोंदवले. समाज मात्र नव्या पद्धतीला चांगलाच सरावला होता. संदेशाशिवाय कोणाच्या दारात जाणे आता मागासलेपणाचे समजले जाऊ लागले.

मग एका सकाळी ताराबाई गेली.

तिला आदल्या दिवसापर्यंत काही झालेले नव्हते. दळण टाकून आली, अंगणात बसली आणि कलली. आप्पांनी पाणी पाजेपर्यंत संपले होते. लोटूआप्पा अनवाणी प्रवीणभाऊंकडे आले. महिन्याचा हिशोब ठरवायला आम्ही पदाधिकारी तिथेच बसलो होतो. आप्पा दारात उभे राहून म्हणाले, "भाऊ, तारा गेली. मेसेज टाका ना. लोकं येतीन."

त्यांचे म्हणणे रास्त होते. गेल्या काही महिन्यांत समाजाची इतकी प्रगती झाली होती की संदेशाशिवाय कोणी येणार नाही, हे त्यांनाही कळत होते. ही बाई सगळ्या गावाच्या दारात गेली, आज तिच्या दारात गाव आले पाहिजे, एवढेच त्यांना हवे होते. ते तसे बोलले नाहीत, पण ते उभेच अशा रीतीने होते. रंजिता खाली आली. तिचे डोळे भरलेले होते. तिने नाव भरले, गाव भरले, वेळ भरली आणि बटण दाबले. इंजिन थांबले. पडद्यावर लाल अक्षरांत आले: 'त्रुटी. पद अपरिभाषित.'

ताराबाईचे पद काय होते, असे मी आप्पांना विचारले. आप्पांना प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारले, त्या कोण होत्या? आप्पा म्हणाले, माझी बायको होती. बायको हे नाते आहे, पद नव्हे, हे मी त्यांना शांतपणे समजावले. मोहितने चांगला मार्ग काढला. महिला प्रकोष्ठात एक जागा रिक्त होती. परंतु मृत व्यक्तीची नियुक्ती नियमात बसत नाही. तेव्हा ती नियुक्ती पूर्वलक्षी प्रभावाने, आदल्या दिवसापासून करण्यात आली. प्रवीणभाऊंनी सही केली. रंजिताने पद भरले. इंजिनाने पुढची ओळ दाखवली: 'त्रुटी. पुरस्कार अपरिभाषित.'

"पहिल्या एररवर थांबतं ते," रंजिता म्हणाली. "हा भरल्याशिवाय पुढचा कळणार नाही. बाबा, मी सांगू का, हे सगळे खाने काढूनच टाकते आता. नुसतं नाव ठेवू."

साचा सर्वसाधारण सभेने मंजूर केलेला आहे, तो तिच्याच मंजुरीने बदलता येईल, हे मला निदर्शनास आणावे लागले. सभा बोलावायची तर सूचना काढावी लागेल, आणि गट बंद असल्यामुळे सूचनाही इंजिनातूनच जाईल. सूचनेच्या साच्यात काय काय अनिवार्य आहे हे त्या क्षणी कोणालाच आठवत नव्हते. त्यापेक्षा पुरस्कार देणे सोपे होते. 'समाजभूषण स्मृती पुरस्कार' अजून कोणालाच दिलेला नव्हता. माझ्या पिशवीत मागच्या सत्काराची एक शाल आणि नारळ होते. पुरस्कार मरणोत्तर असल्यामुळे तो लोटूआप्पांनी स्वीकारला. प्रवीणभाऊंनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. आम्ही टाळ्या वाजवल्या. पुरस्काराचा पुरावा म्हणून फोटो लागतो. तो पुन्हा काढावा लागला, कारण पहिल्यात आप्पांचा चेहरा पडलेला आला होता.

बाहेर ऊन चढत होते. आप्पांच्या घरून निरोप आला की ताराबाईला फार वेळ ठेवता येणार नाही. इंजिन म्हणाले: 'त्रुटी. विदेशयात्रा अपरिभाषित.'

आता आप्पा प्रश्नांना सरावले होते. ताराबाई कुठे कुठे गेल्या होत्या, असे विचारताच ते म्हणाले, "जैनाबादले जायची. नदीच्या पल्याड, माहेरी." मी ते टिपून घेतले. पूल नव्हता तेव्हा नावेतून जावे लागे, त्यामुळे हा जलप्रवास धरता येईल, असा मुद्दा मोहितने मांडला. जुन्या काळी पल्याडचा मुलूख वेगळ्या सुभ्यात असण्याची शक्यता मीही व्यक्त केली. पण समाधान पाटील अडून बसले. जैनाबाद विदेश ठरले तर उद्या केळीचा प्रत्येक टेम्पोवाला विदेशयात्री ठरेल, आणि मग दुबईला काय किंमत राहिली, असे ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. 'नाही' असे भरावे, ही रंजिताची सूचनाही टिकली नाही. समाजाच्या अधिकृत संदेशात एखाद्या स्त्रीच्या नावापुढे 'नाही' लिहिणे हा दिवंगत व्यक्तीचा अपमान आहे, असे प्रवीणभाऊ कळवळून म्हणाले.

रंजिताने एकदाच वर पाहून विचारले, "मी माझ्या फोनवरून एकेकाला सांगू का? 'तारामावशी गेल्या,' एवढंच?"

मी तिला समजावले की तो संदेश नसून नुसती बातमी होईल.

लोटूआप्पा उठले. खांद्यावर शाल आहे हे तेव्हा त्यांच्या लक्षात आले असावे. त्यांनी ती काढली, नीट घडी केली आणि नारळाशेजारी ठेवली.

"त्या दिवशी तिनं इचारलं होतं, गेलं कोन," ते म्हणाले. "तुम्ही सांगू शकले नही, तरी सारं गाव आलं. आज मी सांगू राह्यलो कोन गेलं. तं तुम्हाले चालत नही."

ते अनवाणी आले तसे अनवाणी गेले. रंजिताने लॅपटॉप मिटला आणि घरातल्या गाऊनवर ओढणी घेऊन त्यांच्या मागे निघाली. यंत्रणा अशी अर्ध्यावर उघडी टाकून जाणे प्रकोष्ठाच्या शिस्तीत बसत नाही. तशी नोंद मी केली आहे.

मी घरी आलो. माझे घर समोरच असल्यामुळे पुढचे सर्व मला ओट्यावरून दिसत होते. गल्लीतला समाज आपापल्या ओट्यावर फोन हातात घेऊन बसला होता. रडण्याचा आवाज सर्वांना ऐकू येत होता. कोणीतरी मला हातानेच विचारले, आला का? मी हातानेच सांगितले, अजून नाही. लोक बेचैन होते, हे मला नमूद केले पाहिजे. एक-दोघांनी तर पांढरे कपडेही घालून ठेवले होते. पण अधिकृतपणे ताराबाई जिवंत होती, आणि जिवंत बाईला खांदा द्यायला जाणे कोणाच्याही संस्कारात बसत नाही.

मीही एकदा उठलो होतो. चपलेत पाय घातला होता. तेवढ्यात फोन वाजला. मी घाईने पाहिले तर समाधान पाटलांच्या वाढदिवसाचा संदेश होता. त्या साच्यात कसलीही त्रुटी नव्हती. मी शुभेच्छा दिल्या आणि परत बसलो.

ताराबाईच्या दारात जे जमले ते सर्व अनधिकृत होते. भाजीवाली रंभाबाई, जिच्याकडे फोनच नाही. मागच्या गल्लीतले पॉवरलूमवरचे दोन कामगार, जे आमच्या समाजाचे नाहीत. जैनाबादहून नात्यातल्या काही म्हाताऱ्या, ज्यांना कोणी कळवले हे अजूनही समजलेले नाही. त्यांनी येताच गॅसवर चहाचे पातेले चढवले. त्यांच्यापैकी एकालाही ताराबाईचे पद माहीत नव्हते. ते नुसते रडत होते, आणि रडणे अगदी घरचे असावे तसे होते. शेवटी खांद्याला एक माणूस कमी पडत होता. आप्पांनी गल्लीवरून नजर फिरवली. ती माझ्या ओट्यावर आली तेव्हा मी फोनमध्ये पाहत होतो. मग रंजिताने पुढे होऊन खांदा दिला. आमच्याकडे बायका खांदा देत नाहीत. या विषयावर कार्यकारिणीने खुलासा मागवला आहे.

ताराबाईचा संदेश अजून गेलेला नाही. तो 'विदेशयात्रा' या जागेवर थांबलेला आहे. त्यामुळे मंडळाच्या दफ्तरी त्या आजही महिला प्रकोष्ठाच्या क्रियाशील सदस्य आहेत, आणि बैठकांना गैरहजर राहिल्याबद्दल त्यांच्या घरी सूचनापत्रही गेले आहे. लोटूआप्पा आता कोणाशी फारसे बोलत नाहीत. सकाळी पूल ओलांडून बागेत जातात. परवा समोरासमोर आलो तेव्हा मी म्हणालो, आप्पा, काम चालू आहे. ते माझ्या हातातल्या फोनकडे पाहून पुढे गेले. मला कसेसेच झाले. पण ते व्यक्तिगत होते.

असा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून कार्यकारिणीने एक दूरदृष्टीचा निर्णय घेतला आहे. इंजिनात काही चूक नाही; चूक समाजात आहे. माणसे अपुऱ्या माहितीनिशी मरतात. तेव्हा आता प्रत्येकाचा शोक-संदेश तो जिवंत असतानाच इंजिनात घालून तपासण्यात येत आहे. ज्यांच्या जागा रिकाम्या निघतील त्यांनी त्या भरून होईपर्यंत धीर धरावा, अशी विनंती आहे.

हे वाचणाऱ्यांनी काळजी करू नये. तुमचेही नाव घालून पाहिले आहे. इंजिन थांबले. कोणत्या जागेवर थांबले ते विचारू नका; ती भरलीत तरी पुढे आणखी किती आहेत हे ते आधी सांगत नाही. दरम्यान, समोरच्या घरातून रडण्याचा आवाज आला तर कृपया उठू नका, संदेशाची वाट पाहा. खरे तर हे तुम्हाला सांगावे लागू नये. मागच्या वेळी तुम्हीही तेच केले होते.

आणि तुमची वेळ येईल तेव्हा मनात कसलीही शंका आणू नका. मी समोरच्या ओट्यावरच असेन, फोन हातात घेऊन.